विंचवाचे विष, एक जुनी गोळी आणि पुराव्याची कसोटी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या राजवटीत, इ. स. १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. इतिहासाचा हा भाग अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु किल्ल्याच्या पायथ्याच्या गावांत राहणाऱ्यांचा संबंध इतिहासापेक्षा दगडाशी, मातीशी आणि जंगलाशी अधिक येतो. पावसाळ्यात धानाच्या बांध्या, हिवाळ्याच्या तोंडाशी कापणी आणि तणसाचे ढीग, उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात मोहफुलांची वेचणी आणि मग तेंदूपानांचा हंगाम, असे येथील श्रमाचे वर्षचक्र आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. या सर्व कामांत माणसाचा हात दगडाखाली, पाल्यात, सरपणात जातो आणि पाय बहुधा अनवाणी असतो. विंचू नेमका तेथेच असतो.

विंचवाचा दंश ही नागर वाचकाला एखाद्या जुन्या कथेतील गोष्ट वाटण्याचा संभव आहे. एकनाथांच्या भारुडातून विंचू कामक्रोधाचे रूपक होऊन आपल्यापर्यंत पोहोचला आणि बहुतेकांच्या मनात तो रूपक म्हणूनच उरला. प्रत्यक्षात जगभरात दरवर्षी सुमारे १२ लाख लोकांना विंचू चावतो आणि त्यांपैकी सव्वातीन हजारांच्या आसपास दगावतात, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात मांडण्यात आला होता. जगातील अत्यंत घातक विंचवांमध्ये गणला जाणारा भारतीय लाल विंचू महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आढळतो. या विंचवाच्या विषावर सर्वाधिक परिणामकारक ठरलेल्या औषधोपचाराचा शोधही महाराष्ट्रातच लागला. तो एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेत लागला नाही. कोकणातील महाड परिसरात, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एका डॉक्टरने तो लावला. त्या शोधाचे पुढे काय झाले आणि तो आंबागडसारख्या गावापर्यंत कितपत पोहोचू शकतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

लहान विंचू, मोठे वादळ

सर्वसामान्य समजूत अशी की विंचू जितका मोठा तितका जहाल. काळ्या, थोराड इंगळीची भीती सर्वांना वाटते आणि लालसर तपकिरी, किरकोळ बांध्याच्या विंचवाकडे दुर्लक्ष होते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशाने वेदना होतात, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचवाच्या दंशाने मात्र धडधाकट माणूस काही तासांत मृत्यूच्या दारात जाऊ शकतो आणि लहान मुलांच्या बाबतीत हा धोका अधिकच असतो.

असे का होते, हे समजण्यासाठी आपल्या शरीरातील एका व्यवस्थेची ओळख करून घ्यावी लागेल. भय, संताप किंवा संकट यांच्या प्रसंगी आपली छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम सुटतो. ही किमया अनुकंपी मज्जासंस्थेची आणि तिने सोडलेल्या अ‍ॅड्रिनलिन व नॉरअ‍ॅड्रिनलिन या रसायनांची. ही रसायने पेशींवरील विशिष्ट ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतात आणि पेशीला आज्ञा देतात. १९४८ साली अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी असे प्रतिपादन केले की हे अ‍ॅड्रिनर्जिक ग्राही एकाच जातीचे नसून त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मानावे लागतील. ढोबळमानाने सांगायचे तर अल्फा ग्राही रक्तवाहिन्या आवळतात, तर बीटा ग्राही हृदयाचा वेग व जोर वाढवतात, श्वासनलिका रुंद करतात आणि काही रक्तवाहिन्या सैल करतात. प्रारंभी या कल्पनेकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. परंतु याच पायावर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ग्राही रोखणारे औषध घडवले आणि हृदयविकाराच्या उपचारांचे चित्र पालटले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच ग्राहींच्या कुळाची रचना व कार्यपद्धती उलगडणारे रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का २०१२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. मानवी औषधांचा फार मोठा भाग या ग्राहींशी निगडित आहे.

लाल विंचवाचे विष या सर्व व्यवस्थेचा ताबा घेते. मज्जातंतूंमधील सोडियमच्या सूक्ष्म वाटा संदेश पुढे गेल्यावर मिटतात, म्हणून संदेश थांबतो. विषातील प्रथिने या वाटा मिटू देत नाहीत. परिणामी मज्जातंतू न थांबता संदेश पाठवत राहतात आणि शरीरात रसायनांचा पूर लोटतो. प्रथम ओकारी, दरदरून घाम, लाळ अशी लक्षणे दिसतात. त्यानंतर अ‍ॅड्रिनलिनचे खरे वादळ सुरू होते. अल्फा ग्राहींच्या आज्ञेने शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय बर्फासारखे गार पडतात आणि रक्तदाब चढतो. बीटा ग्राहींच्या आज्ञेने हृदय जिवाच्या आकांताने धावू लागते. मिटलेल्या दारावर धडका देणाऱ्या माणसासारखी हृदयाची अवस्था होते. ते थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि फुप्फुसांत पाणी उतरते. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला की माणूस कोरड्या जमिनीवर बुडत असतो, असेच म्हणावे लागेल. काही रुग्णांत हा प्रवास अर्ध्यापाऊण तासात होतो, तर अनेकांत काही तास लागतात. तेवढाच अवधी वैद्यकशास्त्राच्या हाती असतो.

बिरवाडी ते ‘लॅन्सेट’

विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी होते, ही नोंद नवी नव्हती. १९६१ साली मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याविषयी लिहिले होते. परंतु उपाय हाती नव्हता. वेदना व अस्वस्थता शमवण्यासाठी गुंगीच्या औषधांचे मिश्रण दिले जाई. घाम व लाळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपिन, हृदयासाठी डिजिटॅलिस, पाणी उतरावे म्हणून लघवीची औषधे, असे नाना प्रयत्न होत. यांपैकी काही निरुपयोगी होते आणि काही चक्क अपायकारक. अ‍ॅट्रोपिनने आधीच धावणारे हृदय आणखी धावू लागते.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या देहेड या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय पदवी त्यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून घेतली. कोकणात आल्यावर विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिले. बहुतेक जण अशा वेळी नशिबाला किंवा साधनांच्या अभावाला बोल लावून पुढे जातात. बावस्करांनी नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. दंश किती वाजता झाला, ओकारी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी व रक्तदाब कसा बदलत गेला, याची टिपणे ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून करीत. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ दंशाच्या जागी वेदना असणारा रुग्ण आणि ओकारी, घाम, गार हातपाय असणारा रुग्ण हे दोन भिन्न रुग्ण आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. एरवी क्षुल्लक वाटणारा हा भेद पुढील सर्व उपचारांचा पाया ठरला.

रोगाची साखळी कळल्यावर उपायाची दिशाही दिसू लागली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार हलका व्हावा, हा तर्क होता. आरंभी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध वापरले गेले. ते गुणकारी होते, पण क्षणोक्षणी रक्तदाब मोजत, थेंब मोजून द्यावे लागणारे. ज्या केंद्रात वीज असेलच याची खात्री नाही, तेथे हा उपचार सर्वांना मिळणे अशक्य होते. तेव्हा दृष्टी गेली प्राझोसिनकडे. १९७० च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी बाजारात आलेली ही साधी गोळी. ती अल्फा-१ या ग्राहींनाच रोखते. जुनी अल्फारोधक औषधे अल्फा-१ बरोबर अल्फा-२ ग्राहीही रोखत. मज्जातंतूच्या टोकावरील अल्फा-२ ग्राही हे नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या स्रावाला लगाम घालण्याचे काम करतात. तो लगामच सुटला की वादळ आणखी वाढणार. प्राझोसिन त्या लगामाला हात न लावता फक्त रक्तवाहिन्या सैल करते. विषाने घडवलेल्या बिघाडाला इतके नेमके उत्तर योगायोगानेच तयार सापडावे, हा औषधशास्त्रातील एक विलक्षण प्रसंग मानला पाहिजे.

१९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनच्या उपयोगाविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. प्राझोसिन वापरात येण्यापूर्वी गंभीर विषबाधेच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत असत. नंतरच्या काळात हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आल्याचे बावस्करांच्या लेखनातून दिसते. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या व वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत हा उपचार रूढ झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

मांत्रिकाचे यश आणि डॉक्टरचे यश

गौरवाच्या अशा कथा येथे संपवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु या संशोधनाचा अधिक बोधप्रद भाग यानंतर सुरू होतो.

विंचू उतरवणारे मांत्रिक महाराष्ट्राच्या गावोगाव होते आणि आजही आहेत. लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसण्याला कारण आहे. विंचवांच्या बहुसंख्य जाती जीवघेण्या नसतात. लाल विंचवाच्याही प्रत्येक दंशात पुरेसे विष शरीरात जातेच असे नाही. म्हणजे दहा जणांना मंत्र घातला तर त्यांतील बरेच जण काही न करताही बरे होणारच होते. बरे झालेले गावभर सांगतात. जो गेला तो सांगायला येत नाही. मंत्राची ख्याती अशी वाढते.

हाच न्याय डॉक्टरलाही लागू पडतो, हे मान्य करण्यास मात्र धैर्य लागते. ‘पूर्वी माणसे मरत, आता वाचतात’ एवढ्यावरून औषधाला श्रेय देता येत नाही. मधल्या काळात रस्ते झाले, वाहने आली, रुग्ण लवकर पोहोचू लागले, अपायकारक जुनी औषधे बंद झाली, प्राणवायूची सोय झाली. यांपैकी कशामुळे किती जीव वाचले, हे वेगळे करण्याचा एकच विश्वसनीय मार्ग आहे: रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून दोन उपचारांची तुलना करणे. प्राझोसिन विरुद्ध काहीच नाही, अशी चाचणी आता करता येणे कठीण. डोळ्यांसमोर गुण येताना दिसत असलेले औषध निम्म्या रुग्णांना नाकारायचे कसे, हा नैतिक पेच त्यात आहे. म्हणून प्राझोसिनच्या बाजूचा पुरावा बलवान असला तरी तो प्रामुख्याने आधी व नंतरच्या तुलनेचा, शरीरक्रियेच्या तर्काचा आणि ठिकठिकाणच्या डॉक्टरांच्या अनुभवाचा आहे. हे नीट समजून घेतले पाहिजे.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. प्राझोसिन विषाला हात लावत नाही. ते केवळ विषाच्या परिणामाला अटकाव करते. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषालाच निष्प्रभ करते. दोन्ही एकत्र दिले तर अधिक लाभ होईल काय? ज्याचे नाव प्राझोसिनशी जोडले गेले आहे, त्याने हा प्रश्न टाळला असता तरी कोणी जाब विचारला नसता. बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात त्याची रीतसर चाचणी घेतली. विषबाधेची लक्षणे दिसत आहेत पण फुप्फुसांत पाणी झालेले नाही, अशा ७० रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट करण्यात आले. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. १० तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते, तर दुसऱ्यात ३५ पैकी ३२. बरे होण्यास लागणारा सरासरी वेळ जवळपास १८ तासांवरून ८ तासांवर आला. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या औषधाने आपल्याला कीर्ती मिळाली ते एकटे पुरेसे नाही, हे त्या डॉक्टरांनीच जगाला सांगितले. पद्म पुरस्कारापेक्षा ही गोष्ट मोठी आहे, असे आम्हाला वाटते.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोणाला कोणता उपचार मिळतो आहे हे डॉक्टरांना व रुग्णांना ठाऊक होते. रुग्णसंख्या लहान होती. प्रतिविषाने मृत्यू घटतात का, हे ७० रुग्णांवरून सांगता येत नाही. परंतु इतरांनीही त्या दिशेने काम केले. कोकणातच डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रतिविष व प्राझोसिन यांची तुलना करून २०१० साली ती प्रसिद्ध केली. पुदुच्चेरीच्या जिपमर या संस्थेने ५० मुलांवर केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही दोन्ही उपचार एकत्र देणे श्रेयस्कर ठरले. या उलट, ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत सरसकट प्रतिविष देण्याचा काहीही लाभ दिसला नव्हता. तेथील विंचू वेगळा, विष वेगळे आणि सौम्य लक्षणांचे रुग्णही त्यात मोठ्या प्रमाणावर होते. त्यातून घ्यावयाचा धडा असा की विंचवाच्या बाबतीत परदेशातील निष्कर्ष जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपल्या विंचवाचा अभ्यास आपल्यालाच करावा लागेल.

जुन्या औषधाला वाली कोण?

येथे अर्थकारणाचा प्रश्न येतो. प्राझोसिनचे एकस्व केव्हाच संपले आहे. स्वस्त गोळीच्या नव्या उपयोगावर पैसे खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नसते. विंचू चावणारा माणूस शेतमजूर, वीटभट्टीवरचा कामगार, तेंदूपाने तोडणारी बाई किंवा अंगणात खेळणारे मूल असते. या ग्राहकवर्गाची बाजारपेठ होत नाही. म्हणून अशा संशोधनाचा भार सरकारनेच उचलावयास हवा.

हे अशक्य नाही. याच प्राझोसिनचे दुसरे उदाहरण अमेरिकेत आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना छळणारी भयस्वप्ने या गोळीने कमी होतात, असे लहान चाचण्यांतून दिसू लागले होते. तेथील माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेने आपल्या अनेक रुग्णालयांत मिळून ३०४ जणांवर मोठी चाचणी घेतली. २०१८ साली तिचा निकाल आला, तो निराशाजनक होता: औषध आणि बनावट गोळी यांत फरक आढळला नाही. निकाल काय आला यापेक्षा महत्त्वाचे हे की नफ्याची शक्यता नसलेल्या जुन्या औषधासाठी सार्वजनिक पैशातून पक्के उत्तर शोधण्यात आले. आपल्याकडे विंचूदंशाबाबत अनेक जिल्ह्यांची रुग्णालये एकत्र येऊन अशी मोठी चाचणी होण्याची गरज कोणी नाकारणार नाही. तरीही या विषयावरील ज्ञान दीर्घकाळ काही मोजक्या डॉक्टरांच्या वैयक्तिक चिकाटीवरच उभे राहिले.

सर्पदंशाशी तुलना केली तर ही उपेक्षा अधिक ठळक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना सांगण्यात आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु विंचूदंशाचा रुग्ण त्याच गावातून, त्याच रस्त्याने, त्याच केंद्रात येतो. साप चावलेल्यासाठी उभी राहणारी यंत्रणा विंचू चावलेल्यासाठी वापरण्यास वेगळा मोठा खर्च नाही. हवी ती केवळ त्याची दखल.

आंबागडला काय हवे?

विंचूदंशाविषयी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या मराठी मुलखातील लेखनाचा मोठा भाग कोकणातून आला. याचा अर्थ विंचू कोकणातच चावतो असा नाही. तेथे मोजणारा माणूस होता, एवढाच त्याचा अर्थ. पूर्व विदर्भातील खेड्यांत किती जणांना दंश होतो, त्यांतील किती जणांना गंभीर बाधा होते, याची सलग नोंद ठेवली गेली तरच तेथील गरज कळेल. त्या नोंदीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. दंशाची वेळ, ओकारी, घाम, हातापायांचे तापमान, नाडी, रक्तदाब आणि शेवट काय झाला, एवढ्या रकान्यांची वही पुरते. बिरवाडीत तेवढ्यावरच काम सुरू झाले होते.

दुसरी गोष्ट उपचाराच्या क्रमाची. आंबागडच्या पायथ्याच्या वस्तीतून रुग्णाला तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात, तेथून गरज पडल्यास भंडाऱ्याला किंवा नागपूरला न्यावयाचे, असा हा प्रवास आहे. वादळ सुरू झालेल्या रुग्णाला या प्रवासाच्या शेवटी औषध मिळण्यापेक्षा आरंभी मिळाले पाहिजे. गोळी तोंडाने देता येते, तिला शीतपेटी लागत नाही. प्रतिविष आणि प्राणवायू, तसेच हृदय थकलेल्यांसाठी लागणारे डोब्युटॅमिनसारखे औषध मोठ्या रुग्णालयात मिळेल. पहिली गोळी मात्र प्राथमिक केंद्रातच मिळावी. येथे एक बारकावा आहे. या उपचारासाठी साधी प्राझोसिन लागते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी असलेली, सावकाश विरघळणारी गोळी तातडीच्या प्रसंगी उपयोगाची नाही. खरेदीच्या यादीत केवळ औषधाचे नाव लिहून भागत नाही, प्रकारही लिहावा लागतो.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. गोळी उपलब्ध असणे आणि ती योग्य रुग्णाला मिळणे यांत अंतर आहे. ज्याला केवळ वेदना आहेत त्याला प्राझोसिनची गरज नाही; त्याची वेदना शमवणे व त्याच्यावर काही तास लक्ष ठेवणे पुरेसे असते. ज्याचे हातपाय गार पडले आहेत, घाम व ओकारी आहे, त्याला उशीर करणे घातक. ओकाऱ्या व घाम यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले असेल तर तेही भरून काढावे लागते, कारण पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. रुग्णाला निजवून ठेवावे लागते, मुलांची मात्रा वजनावर ठरते. रक्तदाब चढलेला पाहून बीटा ग्राही रोखणारे औषध देण्याचा मोह झाला तर अल्फा ग्राही मोकाट सुटतात आणि हृदयावरचा भार वाढतो. म्हणूनच हा उपचार घरी करण्याचा नव्हे, तो प्रशिक्षित डॉक्टरचाच. गावातील आशा कार्यकर्तीने करावयाचे काम वेगळे आणि तितकेच महत्त्वाचे आहे: हातपायांना स्पर्श करून गारवा ओळखणे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे. मांत्रिकाला शिव्या देण्यापेक्षा त्यालाही हे एक लक्षण शिकवले तर अधिक जीव वाचतील.

अ‍ॅड्रिनर्जिक ग्राहींचे रहस्य उलगडण्यासाठी एका शतकाहून अधिक काळ जगातील उत्तमोत्तम बुद्धी खर्ची पडली. त्या ज्ञानाचे एक टोक स्टॉकहोमच्या पारितोषिकांपर्यंत पोहोचले आणि दुसरे टोक महाडच्या एका खाटेपर्यंत. महाडपासून पुढचे अंतर कापण्यासाठी नव्या शोधाची गरज नाही. औषधांची यादी, एक प्रशिक्षण वर्ग, एक नोंदवही आणि मोठ्या चाचणीसाठी थोडी सार्वजनिक रक्कम, एवढीच ही मागणी आहे. येत्या उन्हाळ्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या मजुराला विंचू चावला, तर जवळच्या केंद्रात ती साधी गोळी आणि ती केव्हा द्यावी हे जाणणारा डॉक्टर, दोन्ही असतील काय, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य खात्याने हंगामापूर्वी दिले पाहिजे.